मुद्दाम पेरलेली चूक

उंद्रीत शिकवणी घेणारा ज्ञानेश्वर अकरा वर्षांपासून दहावीच्या नोट्स टाइप करून ऑनलाइन टाकत होता. मान आखडली, चष्म्याचा नंबर वाढला. लोकांना काय, त्याचं नाव खोडून त्याच नोट्स आपल्या म्हणून खपवायला दोन मिनिटं लागत. वैतागून त्याने यंदा प्रत्येक धड्यात एक चूक मुद्दाम पेरली, चोरी ओळखू यावी म्हणून. शिकवणीतल्या पोरांना तो ती तोंडी दुरुस्त करून देई. त्याची दहावीतली मुलगी काजल मात्र बापाच्या वर्गात बसत नसे.

परवा ती ओसरीवर घोकत होती, "पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणजे केंद्रक."

ज्ञानेश्वर दचकला. "अवं, तंतुकणिका! केंद्रक कुठून आणलं?"

तिने मोबाइल पुढे केला. नोट्स रंगीत, नाव दुसऱ्याचं आणि वाक्यं सगळी ज्ञानेश्वरची. चोर सापडला होता, पण भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

"थे चूक हाय बेटा. मीच लिवलं हाय, मुद्दाम."

काजलने स्क्रीनकडे पाहिलं, मग बापाकडे.

"लाखभर पोरं वाचतेत हे, बाबा. तुमचंच चुकत असन."