चार चौकटींतले बाबा

दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मी इंटरनेटवर चार चौकटींची एक चित्रकथा टाकते. दोन वर्षं झाली, एकही गुरुवार चुकवला नाही. तापात टाकली, नणंदेच्या हळदीत पिवळ्या बोटांनी टाकली, एकदा तर ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली मोबाइल धरून टाकली. लोकांना वाटतं हिला बसल्या बसल्या सुचत असेल. बसल्या बसल्या फक्त पाठ दुखते.

पोटापाण्यासाठी मी जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत पाकिटांवरची चित्रं काढते. कपाशीची बोंडं नारळाएवढी, मिरची हातभर लांब. बाबांनी पहिल्यांदा पाकीट पाहिलं तेव्हा चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "असं बोंड कोनाच्या रानात येतं गं?" मी म्हटलं, "आमच्या साहेबांच्या." दिवसभर हे असलं काढल्यावर माणसाला कुठंतरी खरं काढावंसं वाटतंच. म्हणून चित्रकथेपुरता मी एक नियम केला होता: जे घडलं तेच काढायचं, पदरचं काही घालायचं नाही.

नियम करणं सोपं असतं. सोमवारी विषय हाती लागला पाहिजे, मंगळवारी कच्च्या रेघा, बुधवारी शाई आणि रंग, गुरुवारी शब्द. खरी मारामारी शब्दांचीच. आपली माणसं बोलतात पोतंभर आणि बोलण्याचा फुगा असतो लिंबाएवढा. निम्मं बोलणं कापायचं आणि तरी ते त्याच माणसाचं वाटलं पाहिजे. तिसऱ्या चौकटीत कुणी काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं, म्हणजे चौथीत हसू फुटतं. हे कळायला मला सहा महिने लागले. हात काढणं मात्र अजून नीट जमत नाही, म्हणून माझी निम्मी पात्रं हात पाठीमागे बांधून उभी असतात.

बाबा खरोखरच तसे उभे राहतात, हे माझं नशीब. आई गेल्यावर मी त्यांना केदारखेड्याहून माझ्या घरी आणलं. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. शेत बटईनं दिलं, घराला कुलूप लावलं आणि बाबा एक पिशवी घेऊन जालन्यात मस्तगडाच्या पलीकडं आमच्या कॉलनीत राहायला आले. इथं आठ-दहा दिवसांनी नळ येतात. नळ आले की घरोघर मोटारी सुरू होतात, मग मालिका लागते, कुणाचा फोन येतो, आणि गच्चीवरची टाकी भरून पाणी रस्त्यावर वाहत राहतं. उभा जन्म विहिरीचं पाणी वाफ्या-वाफ्यानं मोजून दिलेल्या माणसाला हे बघवेना. ते उठायचे, त्या घराच्या फाटकाशी हात मागं बांधून उभे राहायचे आणि हाक द्यायचे, "टाकी भरली! मोटार बंद करा जल्दी!"

एकदा समोरच्या बाई चिडून म्हणाल्या, "आमचं पाणी आहे, बाबा. वाहू द्या." बाबा शांतपणे म्हणाले, "तुमचंच हाय. तुमच्याच टाकीत ठिवा."

ती माझी बाबांवरची पहिली चित्रकथा. लोकांनी ती एकमेकांना इतकी पाठवली की माझ्या मावसबहिणीनं ती मलाच पाठवली, 'बघ, अगदी काकांसारखं आहे' म्हणून. पात्राला वाचकांनीच नाव दिलं, टाकीवाले बाबा. त्यानंतर मला सोमवारची भीती उरली नाही. नळ आले की विषय आला. बाबांना मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते सावध झाले असते आणि माझी चित्रकथा बसली असती. कारण एवढं साधं होतं आणि एवढं स्वार्थी होतं.

मग एका चतुर्थीला आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो. दर्शनाच्या रांगेत एक तरुण मागं वळून वळून बघत होता. टोपी, चष्म्याची दोरी, पाठीमागचे हात, सगळं जुळल्यावर तो ओरडलाच, "अरे, टाकीवाले बाबा! बाबा, एक फोटो काढू द्या ना!" बाबांना काही उमजेना. त्यानं मोबाइल पुढं केला आणि चित्रकथा मोठ्यानं वाचून दाखवली. रांग हसली. बाबाही हसले, सगळ्यांना हात जोडले. परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, "तू काढून राह्यली का ते?"

"हो."

"टोपी बराबर काढली," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. एवढ्यावर भागलं म्हणून मला हायसं वाटलं.

भागलं नव्हतं. पुढच्या वेळी नळ आले, समोरची टाकी भरली, पाणी धो धो रस्त्यावर आलं, आणि बाबा खुर्चीतून उठले नाहीत. मला आधी काय आठवलं? गुरुवार. लिहिताना लाज वाटते, पण बापाआधी मला गुरुवार आठवला.

त्यानंतरचे तीन गुरुवार मी मनानं रचून काढले. टाकी तीच, फाटक तेच, बोलणंही जवळपास तेच. चित्रं सुबक झाली आणि मेली. तिसऱ्या चित्रकथेखाली एका वाचकानं लिहिलं, 'बाबा पहिल्यासारखे राहिले नाहीत.' मोबाइल भिंतीवर फेकावासा वाटला. लिहिणारा खोटं बोलला असता तर राग लवकर गेला असता.

रविवारी पुन्हा नळ आले. बाबा व्हरांड्यात, फाटकाजवळच्या आपल्या खुर्चीत. मी जाऊन उभी राहिले.

"बाबा, समोरची टाकी वाहतेय."

"दिसून राह्यली."

"मग सांगत का नाही?"

"लोकं हासतेत."

"प्रेमानं हसतात हो."

"ते मला बी कळतं." मग म्हणाले, "दाखव बरं समदी एकडाव."

मनानं रचलेली ती तीन वगळून मी टॅबलेट आणून दिला. पोथीचं पान उलटावं तसं बोट जिभेला लावून ते एकेक चित्र पुढं सरकवत राहिले. दोनदा खुदकन हसले. एकदा म्हणाले, "ही बाई बिलकुल अशीच हाय." शेवटचं चित्र झाल्यावर टॅबलेट मांडीवर ठेवला.

"समदी खरी हायेत. पन एक बोलू का?"

"बोला ना."

"समद्यांत मी लोकाच्या दारात उभा हाय. तू एकदा बी मला घरी येऊ देलं न्हाई."

मी लगेच चित्रकलेचे नियम सांगायला लागले. चारच चौकटी असतात, चौथीत हसू आलं की गोष्ट तिथंच सोडायची, पुढं ओढली तर मजा जाते. चूक दाखवली की माझी जीभ अशीच सुटते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग पाचवी काढावी."

म्हटलं, ठीक आहे. या गुरुवारी बाबा घरी येतील. फाटक सोडून घराकडं वळलेले बाबा काढले, चपला काढणारे बाबा काढले, आणि पेन्सिल अडली. घरात बाबा बसतात कुठं?

आठवायला लागले. जेवायचं ताट ते व्हरांड्यात मागतात, इथं वारं येतं म्हणून. तहान लागली की उंबऱ्याशी येऊन विचारतात, "पानी मिळंल का?" टीव्ही खिडकीतून बघतात. माझा नवरा तीनदा म्हणाला होता, बाबांना आत बोलव. बोलावलं की ते म्हणत, "हितंच बरं हाय." आमच्याकडं जुनी माणसं लेकीच्या घरी पाणीसुद्धा घेत नसत. ते दिवस गेले असं मी धरून चालले होते. बाबांनी तसं कधी बोलूनही दाखवलं नाही. फक्त तीन वर्षं त्यांची खुर्ची फाटकाजवळ राहिली आणि मी, दर आठवड्याला त्यांच्याकडं टक लावून बघणारी, ती कधी पाहिली नाही.

मग मी स्वयंपाकघर काढलं. ओट्याशी मी भाकरी थापतेय, शेजारी स्टुलावर बाबा, हातात चहाची बशी. दोन वर्षांतलं सगळ्यांत सुंदर चित्र झालं. बुधवारी ऑफिसातून आल्या आल्या त्यांना दाखवलं.

त्यांनी टॅबलेट डोळ्यांजवळ धरला. "भांडे बराबर काढले. खिडकी बराबर हाय." मग मान वर करून विचारलं, "पन हितं मी कवा बसल्तो?"

आवाजात तक्रार नव्हती. खरंच आठवत नव्हतं म्हणून विचारलं होतं. मला रडू यायच्या आधी राग येतो, तसा आला. "मग बसायचं नाही का कधी? तीन वर्षं झाली! मी काय परकी आहे?"

"तू कशाची परकी," ते म्हणाले. "जावाई बी देवमानूस हायेत. पन लेकीचं घर हाय, बाई."

एवढंच म्हणाले. यावर वाद घालता येत नाही हे मला तेव्हा कळलं. वाद घातला असता तर माझा मान ठेवायला ते एक दिवस आत बसले असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकाशी गेले असते. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "उद्या गुरुवार आहे. हे चित्र खोटं आहे, मला टाकता येणार नाही. तुम्ही बसल्याशिवाय खरं कसं काढू?"

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "कामाचं हाय का?"

"कामाचं आहे."

"मंग बसतो."

चपला काढून, पाय झटकून ते आत आले. स्टुलाच्या कडेवर बसले, आधी अवघडून, मग जरा मागं सरकून. मी चहा टाकला, बशीत ओतून दिला आणि समोर काढायला बसले. कुकरची शिट्टी झाली तसे दचकले, मग स्वतःशीच हसले. फोडणीचा डबा कुठं आहे, शेंगदाण्याचा कूट कुठं आहे, असं एकेक बघत राहिले. हळूहळू बोलायला लागले, आईच्या चुलीबद्दल, तिच्या तव्याबद्दल, मला कधीच न सांगितलेलं.

"अजून किती येळ?" त्यांनी मधेच विचारलं.

"थोडंच राहिलंय, बाबा."

चित्र केव्हाच झालं होतं. पण झालं म्हटलं असतं तर ते उठून गेले असते, म्हणून मी मान खाली घालून कोऱ्या जागेवर रेघा ओढत बसले.