ऊन दाखवलेल्या बिया

पोतं पोटमाळ्यावर चढवणारी शहाणी मीच. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत घरच्या घरी चॉकलेट करून विकायचं, हे खूळही माझंच. पावसाळा सरता सरता पोत्याचं तोंड सोडलं, तर कोकोच्या बियांवर पांढरा-हिरवा बुरा. म्हटलं, झालं! उचला आणि टाका.

"टाकतंस कित्याक गो?" आई म्हणाली. "ऊन दाखव तेंका."

आमच्याकडे सगळ्यालाच ऊन दाखवतात. पापड, कोकमं, गाद्या, बाबांचा न वापरलेला कोट. गणपती गेले, कडक ऊन पडलं, तशी आई पोतं घेऊन गच्चीवर बसली. एकेक बी फडक्याने पुसायची, चांगल्या इकडे, वाईट तिकडे. कावळ्यांना शिव्या घालायची. आधीच तिच्या किडन्या अशक्त, डॉक्टरांनी मीठ, पापड, लोणचं सगळं बंद केलेलं, त्यात बाबा गेलेले. वर्षभर ती नुसती खिडकीत बसून होती. आता बडबडतेय तर बडबडू दे, म्हणून मी तिला अडवलं नाही. बरंही वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

दिवाळीच्या तोंडावर, माझं चॉकलेट विकायला ठेवणार होता त्या प्रभादेवीच्या दुकानदाराने बियांचा लॅबचा रिपोर्ट मागितला. मी आईने निवडलेल्या चांगल्या बिया तपासायला दिल्या. काय सुरेख दिसत होत्या!

लॅबमधल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "या वापरू नका. बुरा पुसला जातो हो, पण त्याने आत सोडलेलं विष उन्हाने जात नाही. भाजूनही पुरतं जात नाही. किडनीला फार वाईट."

मी "बरं" म्हटलं. उद्या पाणी उशिरा येणार आहे, असं कुणी सांगावं तसं, बरं!

घरी येऊन पोतं बांधायला घेतलं. आई जवळ उभी राहून बघत होती. मी विचारलं, "वाईट काढलेल्या कुठे आहेत?"

तिने ओट्याखालचा डबा ओढला. तळाला मूठभर बिया होत्या.

"बाकीच्या?"

"भाजून दुधातून घेतंय मी, रोज सकाळी." ती जरा लाजलीच. "चांगल्यो लोकांका, वायट आपल्याक. फुकट कित्याक घालवूच्यो?"

"कधीपासून?"

"गणपती गेल्यापासून."

हातात सुतळी होती, तिची गाठ मारत राहिले. मग तिला बसवून सगळं सांगितलं. तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. किडनीचा आकडा वाढला होता. कशाने, ते आता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या महिन्यात पुन्हा बघू म्हणाले.

घरी आल्यावर आईने तो डबा राखेने घासला, दोनदा धुतला, आणि जिना चढून गच्चीवर उघडा ठेवून आली. ऊन दाखवायला.