एकतीस वर्षांचा म्हातारा

निघालो त्या दुपारी चिंचवडच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी टॅक्सी उभी होती आणि आई ड्रायव्हरला घाटात हळू चालवायला सांगत होती. अण्णा डिकीत बॅगा लावत होते. एक आडवी, एक उभी, मग सगळ्या काढून पुन्हा पहिल्यापासून. लावायला काही उरलं नाही तेव्हा ते माझ्यासमोर आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. तरुणपणी ते कंपनीच्या संघातून कबड्डी खेळायचे. चढाई हे त्यांचं काम, पण पकडही काही कमी नव्हती. "दोन वर्षं म्हणालायस," ते म्हणाले. मी मान हलवली. हात सोडला तेव्हा मनगटावर बोटांचे वळ उठले होते. एक्स्प्रेसवेवर ते कधी विरले, मला कळलंच नाही.

तुमच्यापैकी जे असे निघालात, त्यांनी घरी हाच आकडा सांगितला असणार. जे मागे राहिलात, त्यांनी तो खरा मानला नसणार. पण बोललं कोणीच नसेल.

मी राहतो सेम्बावांगला, सिंगापूरच्या उत्तर टोकाला, आणि ऑफिस होतं चांगी बिझनेस पार्कात, पूर्वेच्या टोकाला. एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, बदलत, मग बस, असा रोजचा लांबचा फेरा. घरभाडं इकडे परवडायचं आणि नोकरी तिकडे होती. माझ्या राहण्याचा पास त्या नोकरीला बांधलेला. बायकोचा, मृणालचा, पास माझ्या पासला. मुलगी रेवा शाळेत जायची ती त्याच दोरीच्या शेवटच्या गाठीवर. पीआरसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला. का, ते तिथं कोणी सांगत नाही.

कंपनी अमेरिकन होती. आमच्या टीमचा प्रमुख ग्रेग अमेरिकेत बसायचा, आणि आमच्या संध्याकाळी त्याची सकाळ व्हायची. प्रत्येक कॉलची पहिली दहा मिनिटं फुटबॉलची. आपला नव्हे, त्यांचा. तो लांबट चेंडू, ती हेल्मेटं. सुरुवातीला मी म्यूट करून बसायचो. मग ध्यानात आलं की बढती, नवं काम, कुणाचं नाव पुढे करायचं, हे सगळं त्याच दहा मिनिटांत ठरतं. म्हणून त्यांच्या फँटसी लीगमध्ये नाव घातलं. खेळ सोपा आहे. हंगामाआधी प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंमधून फेरी-फेरीने आपापला कागदावरचा संघ निवडायचा. ते खेळाडू तिकडे मैदानात जे करतील, त्याचे गुण इकडे आपल्याला.

आकडे वाचणं हे माझं कामच होतं. दर ऑगस्टमध्ये मी एखाद्या शंकास्पद खेळाडूवर टिपण लिहून सगळ्यांना पाठवू लागलो. तो यंदा किती चालेल, घ्यावा का, घेतला तर कितव्या फेरीत. आयुष्यात एकदाही तो चेंडू हातात न धरलेल्या माणसाच्या टिपणाची अमेरिकेतली मंडळी वाट बघू लागली. याचा मला अभिमान होता, हे कबूल करतो.

त्या वर्षी ग्रेगने स्वतःहून फोन केला. आमच्या लीगमध्ये मागच्या वर्षीच्या संघातला एक खेळाडू पुढे ठेवून घेता यायचा, आणि ग्रेगचा जीव एका रनिंग बॅकमध्ये अडकला होता. रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसणारा गडी. पडायचं, उठायचं, पुन्हा घुसायचं. हा बरीच वर्षं घुसत आला होता. वय एकतीस. लीगमध्ये सगळे त्याला म्हातारा म्हणायचे. त्याच्या संघाने नुकताच एक तरणा रनिंग बॅक आणला होता. "ठेवू की सोडू?" ग्रेगने विचारलं. "खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको."

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्याच ऑगस्टमध्ये अण्णा पहिल्यांदा आमच्याकडे आले. चौदाव्या मजल्यावर त्यांचं मन रमेना. "दार उघडलं की समोर दार," ते म्हणायचे. लिफ्टचं बटन त्यांच्याकडून नेहमी उशिरा दाबलं जायचं आणि रेवा हसायची, "आजोबा, लाइक दॅट कॅनॉट लाह!" तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. अण्णांना इंग्रजी वाचता यायचं, पण हे सिंगापुरी इंग्रजी कळायचं नाही. दोघं एकमेकांकडे बघून नुसती हसायची. सकाळी ते व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, चिनी म्हाताऱ्यांचं बुद्धिबळ बघत उभे राहायचे. त्या पटावरची प्यादी त्यांना ओळखता येत नव्हती, तरी तास तास उभे असायचे.

नॅशनल डेची सुट्टी शुक्रवारी आली होती. कठड्यांवर लाल-पांढरे झेंडे लटकत होते. सकाळी लॅपटॉपवर म्हाताऱ्याचा सराव सामना लागला आणि अण्णा शेजारी येऊन बसले. मी नियम समजावू लागलो तर म्हणाले, "कळतंय. रेषेपलीकडे जायचं आणि अंगावर येणाऱ्यांना चुकवायचं. आपल्यासारखंच की, फक्त हे परत येत नाहीत."

म्हातारा दोन-तीनदा चेंडू घेऊन घुसला, थोडा पुढे सरकला, आणि मग त्याला बाहेर बसवलं. डोक्यावर टोपी घालून तो बाकावर बसून राहिला. मैदानात तरणा पळत होता.

"याला परत नाही खेळवणार?"

"आज नाही. जुन्या खेळाडूंना सरावात जपतात, अण्णा. दुखापत नको म्हणून."

अण्णा बराच वेळ बाकाकडे बघत होते. "जपतायत का सवय लावतायत?" ते म्हणाले.

मी हसलो आणि दुपारी टिपण लिहायला बसलो. लिहिलं ते असं: गुडघ्याचा अस्थिबंध दोनदा फाटलेला आहे. मोकळ्या मैदानात आता त्याला कोणीही गाठतं. गोलरेषेजवळ, जिथं फक्त ताकदीनं घुसायचं असतं, तिथं अजून उपयोगी पडेल, पण तेवढ्यासाठी जागा अडवून ठेवू नये. एक वाक्य मला फार आवडलं होतं: काल काय केलं याचे गुण या खेळात मिळत नाहीत. सोडून द्या, असा शेवट केला.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळच्या कॉलवर ग्रेगने ते वाक्य सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले. "सोडला," तो म्हणाला. मग बाकीच्यांना जायला सांगून मला थांबवून घेतलं. आमचं सगळं काम नवीन वर्षापासून पुण्याला जाणार होतं. सिंगापूरच्या जागा बंद. मला पुण्यात तीच जागा मिळेल, पगार अर्थातच तिकडचा. "तुझ्यासाठी तर चांगलंच आहे," ग्रेग म्हणाला, "तू घरी चाललास." तो मनापासून बोलत होता. शेजारच्या टेबलावरची वेई लिंग, जिची स्वतःची नोकरी जाणार होती, तीही म्हणाली, "वा, घरी! शिओक, लाह!" म्हणजे मजा आहे बुवा तुझी.

घरी सांगितलं तेव्हा मृणाल भाजी चिरत होती. ती थांबली नाही. लहान मुलांच्या शाळेत नोकरी मिळवायला तिने तीन वर्षं घालवली होती, कोर्स केले होते, मुलाखती दिल्या होत्या. रेवाची सहावीची मोठी परीक्षा पुढच्या वर्षी. पुण्यात नेलं तर तिला मराठीचा धडा वाचता आला नसता. "तू ठरव," मृणाल म्हणाली. त्या दोन शब्दांत काय काय होतं, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

इतकी वर्षं मी अण्णांना परत येतो, परत येतो म्हणत होतो, आणि मनातून ठाऊक होतं की तशी वेळ येणार नाही. आता ती आली होती. परत जायचं तर या दोघींना उपटून न्यायचं, आणि न जायचं तर ज्या देशाने दोनदा नाही म्हटलं होतं तिथं पासची मुदत संपायच्या आत नवी नोकरी शोधायची. रोज एमआरटीच्या दाराशी उभा राहून मी तीच दोन गणितं करायचो, आणि दोन्हींचं उत्तर चुकायचं.

अण्णांना रविवारी सांगितलं. त्यांना पुलाउ उबीन बेट दाखवायला नेलं होतं. मोटरबोट भरेपर्यंत धक्क्यावर थांबलो, मग दहा-बारा मिनिटांत पलीकडे. रेवा आणि मृणाल सायकली घेऊन गेल्या. अण्णांचे गुडघे सायकलचे नव्हते, म्हणून आम्ही दोघं एका जुन्या कौलारू घरासमोरच्या बाकावर शहाळी घेऊन बसलो. त्यांचा चेहरा खुलेल अशी माझी खात्री होती.

त्यांनी शहाळं खाली ठेवलं. "तुला यायचंय, का तुला पाठवतायत?"

"एकच आहे ना, अण्णा."

"एक नाही." ते समोरच्या कौलांकडे बघत होते. "आमचा संघ बंद झाला तेव्हा मला स्टोअरमध्ये टाकलं. नोकरीच कबड्डीवर मिळाली होती, जाणार कुठं? तू चौथीत होतास. पेन्शनीपर्यंत मी नट-बोल्ट मोजले. घरी यायचो तेव्हा तुझ्या आईशी दोन शब्द धड बोलत नसे. तुला आठवत असेल."

मला आठवत होतं. ते दमून येतात असं मी समजत होतो.

"माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस," ते म्हणाले. "आलास तर रोज संध्याकाळी तुझं तेच तोंड मला बघावं लागेल. तुझ्या आईनं बघितलं तेवढं पुरे."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वाटलं असं की ज्या एका कारणावर मी जाण्याचा किंवा राहण्याचा दोष टाकू शकलो असतो, तेही त्यांनी काढून घेतलं. आता जे करायचं ते माझं मलाच करायचं होतं. रेवा घंटी वाजवत आली. तिला रानडुक्कर दिसलं होतं, आणि ते आजोबांना सांगताना ती चक्क मराठीत बोलली.

आम्ही राहिलो. त्याच बिझनेस पार्कात, पलीकडच्या इमारतीत, कमी पगाराची आणि खालच्या पदाची जागा मिळाली. पास मिळाला, थोड्या मुदतीचा. ग्रेगच्या लीगमधून आपोआपच बाहेर पडलो. म्हाताऱ्याचं म्हणाल तर माझं टिपण निम्मं चुकलं. तरण्याचा घोटा मुरगळला आणि थंडीचे काही आठवडे म्हातारा पुन्हा घुसत राहिला. एके सकाळी बसमध्ये फोनवर त्याला भिंत फोडून पलीकडे पडलेला पाहिलं आणि मी इतक्या जोरात "शाब्बास!" म्हणालो की शेजारची बाई सरकून बसली. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला. रेवाची परीक्षा चांगली गेली. पीआरचा तिसरा अर्ज केला आहे.

अण्णा परत कधी आले नाहीत. आम्हीच डिसेंबरात जातो. मागच्या खेपेला पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी लवकर जाग आली. मृणाल आणि रेवा झोपल्या होत्या. अण्णा बाहेर फोनवर कोणाला तरी सांगत होते, "नाही, या आठवड्यात नाही जमायचं. पाहुणे आलेत."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. सेम्बावांगच्या ओट्यावर मला डोळे मिटूनही प्रत्येक डबा सापडतो, आणि तिथं राहायला दर थोड्या वर्षांनी परवानगी मागावी लागते. इथं मला कोणी जा म्हणणार नाही. एक डबा उघडला, रवा निघाला. दुसऱ्यात शेंगदाणे. तिसऱ्यात खारीक. पाणी उकळू लागलं होतं.

"अण्णा," मी हाक मारली, "चहाची पावडर कुठं असते?"

"तिथंच," बाहेरून आवाज आला. "तुझी आई ठेवायची तिथंच."

मी गॅस बारीक केला आणि पुन्हा वरच्या फळीपासून एकेक डबा बघायला लागलो.