सकाळी आठचा हिरवा ग्लास

मुलीने पुण्याहून पाठवलेली पावडर मी पहिल्या दिवशी शिजवली. मी हे कुणाला सांगणार नव्हते, पण जाऊबाईंनी गल्लीभर सांगितलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर मला चक्कर यायला लागली होती. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, ते कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पालेभाज्या खात जा म्हणाले. मी मुलीला फोनवर तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "तू काळजी करू नको, मी बघते." काही दिवसांनी केदारखेड्याच्या फाट्यावर, मोबाईलच्या दुकानात माझ्या नावाचं खोकं आलं. आत एक डबा. डब्यावर पानांची चित्रं, बाकी सगळं इंग्रजी. उघडला तर हिरवीगार बारीक पूड.

आमच्याकडे हिवाळ्यात बायका हरभऱ्याचे शेंडे खुडून आणतात, ते वाळवतात आणि हातावर चुरून भरून ठेवतात. उन्हाळ्यात हिरवं काही मिळेनासं झालं की त्याला लसणाची फोडणी देऊन, डाळीचा भरडा घालून भाजी करतात. मालक वारल्यापासून मी खुडायला गेले नव्हते, त्यामुळे घरात तो पाला नव्हता. मला वाटलं, पोरीला ते आठवलं असेल. पुण्यात सगळं तयार मिळतं, तशी ही भाजीसुद्धा मिळत असेल.

मी लसूण ठेचला, मिरची टाकली, भरडा लावला. वास मात्र पुदिन्याचा आणि कसलातरी गोड येत होता. तेवढ्यात शेजारच्या घरातून थोरल्या जाऊबाई आल्या. त्यांनी पातेल्यात बोट घालून चाटलं.

"अगं बया, ही भाजी हे का मंजन?"

"पोरीनं पाठवलीय."

"मंग पोरीला सांग, दात घासून झाले म्हणावं. आता भाजी पाठव!"

आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. माझ्या स्वयंपाकघरात खूप दिवसांनी दोन माणसांचं हसणं झालं. मग त्यांच्या सुनेने हाक मारली आणि त्या गेल्या. ती भाजी त्यांच्या म्हशीपुढे ठेवली, तिनेही तोंड लावलं नाही.

मुलीला कळलं तेव्हा ती हसली नाही. "आई, ते पाण्यात टाकून प्यायचं असतं! तुझ्यावर सोडून चालणार नाही." दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी आठला व्हिडिओ कॉल करू लागली.

"दाखव ग्लास. हं, पी आता."

मी प्यायची. गवत उकळून त्यात साखर टाकावी तशी चव.

"झालं? चल, ठेवते. उशीर होतोय."

एवढंच बोलणं. पण त्याआधी ती आठ-पंधरा दिवसांनी फोन करायची, तोही घाईत. आता मी सकाळी लवकर अंघोळ करून, केस विंचरून, फोन तांब्याला टेकवून बसायची. तिच्या मागे तिचा ओटा दिसायचा. ओट्यावर तसाच डबा होता. तीही उभ्या उभ्या तेच प्यायची. तिचे केस ओले असायचे. कधी डोळे सुजलेले दिसायचे, पण विचारायच्या आत फोन बंद व्हायचा. चवीचं मला काही वाटलं नाही. पोर रोज दिसत होती.

डब्यात सगळं आहे असं ती म्हणाली होती, म्हणून मी दवाखान्याच्या गोळ्या सोडून दिल्या. त्या घेतल्या की तसंही पोटात कळ यायची.

पावसाळ्यात पुन्हा रक्त तपासलं. आकडा हलला नव्हता. मी पिशवीतून डबा काढून तिथल्या सिस्टरला दाखवला. तिने फिरवून फिरवून वाचलं.

"मावशी, यात वाईट काही न्हाई. पण पन्नास गोष्टी थोड्या थोड्या घातल्या हेत. हे औषध न्हाई, आन भाजीची जागा बी घेत न्हाई. एवढ्या महागाचं कशाला घेता? गोळ्या इथं फुकट हेत, त्या जेवल्यावर घ्या. वरून लगेच चहा पिऊ नका. दारातला तांदुळजा खा, लिंबू पिळून." मग तिने विचारलं, "भाजी काहून खात न्हाई तुम्ही?"

मी डबा पिशवीत घातला. काय सांगणार? तांदुळजा परसात आपोआप उगवतो. पण ओटीभर भाजी निवडायला बसावं तर सकाळ जाते, आणि शिजली की मूठभर होते. मालक होते तेव्हा समोर बसून देठं मोडू लागायचे. काम थोडं आणि गप्पा जास्त. एकट्या माणसाला ठेचा-भाकरी पुरते. त्याला निवडावं लागत नाही.

घरी येताना बसमध्ये मी एक वाक्य मनात तयार केलं. डबा पाठवू नको, पण फोन बंद करू नको. सोपं वाक्य होतं. रात्रभर मी ते घोकलं.

"आई, ग्लास कुठंय?"

"आज न्हाई घेतलं." मग मी सिस्टर काय म्हणाली ते सांगितलं, गोळ्या सोडल्याचंही सांगितलं.

"म्हणजे मी पाठवलेलं सगळं फालतू होतं?"

"फालतू न्हाई गं. माह्या कामाचं न्हाई, एवढंच."

"मंग मी काय करू, आई?" तिचं पुण्याचं बोलणं सुटून गावचं बोलणं तोंडात आलं. "तिथं येऊन तुला भाजी करून घालता येत न्हाई मला. हे एवढंच करता येत होतं."

तिच्या डोळ्यांत पाणी बघून माझ्या वाक्याचा पुढचा भाग सांगायचा राहूनच गेला. मी म्हणाले, "जाय, तुला उशीर होतोय."

दुसऱ्या दिवशी मी केस विंचरून बसले. आठ वाजून गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. मी आपणहून कधी फोन करत नाही, ती कामात असते. गोळ्या सुरू केल्या. तांदुळजा निवडायला जाऊबाईंच्या ओसरीवर नेला, पण त्यांना नातवंडांतून सवड नव्हती. परत आणला आणि एकटीनेच निवडला.

रविवारी तिचा फोन आला. साधाच, व्हिडिओ नाही.

"गोळ्या घेती का?"

"घेते."

"भाजी?"

"तांदुळजा केल्ता."

"बरं." ती आता ठेवणार हे मला कळलं. तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, मला बोलता आलं. "डबा नको म्हणले होते मी. फोन नको, असं न्हाई म्हणले."

तिकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"रोज न्हाई गं जमत, आई. पावडर प्यायला थांबायचे, तेवढ्यात तुला फोन लावायचे. आता मी बी सोडलीय. मेसचा डबा आणून जेवते मी."

"कळतं गं मला."

"रविवारी नक्की करीन."

"कर."

ती करते. कधी दुपारी, कधी दिवे लागल्यावर. एखादा रविवार तसाच जातो. चक्कर थांबली आहे. बाकीच्या दिवशी सकाळी मी मुद्दाम परसात असते आणि फोन घरात ठेवते. आठ कधी वाजले ते कळत नाही.