लातूरकडं गेलेला भुसा

तेव्हा मी पन्नाशीची होते आणि मला सगळं कळत होतं. नातवंडं झाल्यापासून कमी कळतं.

नांदेडजवळ आमचं गाव. खळं एकच. अर्धं थोरल्या जावेचं, अर्धं माझं, मधे दोरी. एप्रिलात दोघींची शिजवलेली हळद उन्हात पसरलेली. भिजली की काळी पडते, मग व्यापारी हातात धरत नाही.

जाऊ लातूरची. त्या दुपारी ढगही लातूरकडंच चढला, म्हणून त्याच्यावर माझा आधीच राग.

तिची लेक नांदेडच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनियर झालेली. पुण्यात हवामानाच्या मॉडेलवर काम करायची, सुट्टीला आलेली. ओसरीवर बसल्या बसल्या लॅपटॉपमधून मान वर करून म्हणाली, "काकू, हळद झाका. एक मॉडेल वादळ दाखवतंय, दुसरं न्हाई."

"जावाजावा हायेत का दोघी?"

"भांडण वरच्या वाऱ्यावरनं हाय. वर वारं जोरात असलं की ढग तिरका होतो. पाऊस बाजूला पडतो, खालून चढणारी गरम हवा दबत न्हाई, म्हणून ढग लई वेळ जगतो. आन् वरचं वारं नेईल तिकडं जातो. ते आपल्याकडं येऊन राहिलंय."

"वर जाऊन कोण बघून आलं?"

"वरचं वारं मोजायला सकाळी फुगा सोडतात, काकू."

"फुगा," मी म्हणाले.

जाऊ आपल्या हळदीवर ताडपत्री ओढत होती. "एक उरलीय, घे. मागनं बोंबलू नको."

"तुमची तुम्हालाच राहू द्या."

आम्ही वाऱ्यावर धान्य उपणणारी माणसं. वारं बघायचं तर मूठभर भुसा सोडायचा. सोडला. सरळ लातूरकडं गेला.

"बघा जाऊबाई, वारं ढगाला माघारी ढकलून राहिलंय. तुमच्या माहेरी चाललं पार्सल."

"ढगच खालची हवा ओढून घेतोय, काकू," पोरगी म्हणाली. "जेवून राहिलाय तो."

मी तिच्याकडं पाठ केली आणि दुसरी मूठ सोडली, जरा जास्तच ऐटीत. वारं थांबलं. मग गार झालं, उलटं फिरलं, आणि सगळा भुसा माझ्या तोंडात. पाठोपाठ गारा.

थुंकत थुंकत हळद गोळा करायला धावले. पदरात किती मावणार? पोरगी मदतीला उतरत होती, तर जावेनं ओसरीवरच तिचा हात धरून ठेवला.

गारा थांबल्यावर जाऊ माझ्या भिजल्या हळदीपाशी आली. माझ्या केसातली भुशाची एक काडी काढली, वर धरून सोडली, आणि ती कुठं जाते ते निवांत बघत उभी राहिली.