हथखोजला गेलेली चाकं

बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी घरातल्या दिसेल त्या वस्तूला रंग देत सुटलो होतो. आधी फाटक, मग खिडक्यांचे गज, मग व्हरांड्यातला झोपाळा. भिलाईच्या स्टील प्लांटमधून नेहरू नगरच्या घरी परतलो की हाताला काही काम हवं असायचं, कारण तोंडाला नव्हतं. शेजारीपाजारी चांगले होते, पण विधुराशी काय बोलायचं हे लोकांना कळत नाही. एकदा-दोनदा "जेवण झालं का" विचारतात आणि मग लांबूनच मान हलवतात. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांचं बरोबर आहे असंही वाटायचं.

पावसाळा सरत आला तेव्हा मुलीचा टाटानगरहून फोन आला. जावयाची बदली पुण्याला झाली होती आणि त्यांची गाडी आमच्या शेजारच्या दुर्गवरूनच जाणार होती. पाहते बाबा, जमलं तर उतरू चार दिवस, असं ती म्हणाली. यातलं "पाहते" आणि "जमलं तर" मी ऐकलंच नाही. चार दिवस तेवढे ऐकले. नातवाला मी एकदाच पाहिलं होतं, तेही त्याच्या आजीच्या तेरवीच्या गर्दीत, कोणाच्या तरी कडेवर. आता तो चालायला लागला होता. तो माझ्या अंगणात चार दिवस धावणार, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

रंगवायची राहिली होती ती फियाट. तिचं अंग ठीक होतं, पण चाकं बघवत नव्हती. भिलाईत प्लांटची लाल धूळ वाळत घातलेल्या कपड्यांनाही सोडत नाही. चाकांच्या पत्र्याला तर पावसानं आणि तिनं मिळून पार खाऊन टाकलं होतं. ब्रशनं रंग दिला की पुढच्या पावसात पोपडे निघायचे. ऑफिसमधल्या एकानं सांगितलं, हथखोजला एका छोट्या कारखान्यात पावडर कोटिंग करतात. त्यात पातळ रंग नसतोच. पिठीसारखी कोरडी पूड बंदुकीतून उडवायची, ती विजेच्या जोरावर लोखंडाला चिकटते, मग ते लोखंड भट्टीत भाजायचं. पूड वितळून अशी बसते की नखानं निघत नाही. तिथं पंख्यांच्या जाळ्या आणि लोखंडी कपाटांची दारं भाजली जात. मोटारीची चाकं आणणारा मी पहिलाच, असं मालक म्हणाला. तो भंडाऱ्याकडचा होता, मराठी ऐकून खूश झाला. मी गाडी विटांच्या थप्प्यांवर चढवली, टायर काढून घेतले आणि चाकं त्याच्या हवाली केली. मुलगी यायला तेव्हा अवकाश होता.

विश्वकर्मा पूजा, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रा-अवजारांची पूजा, मध्ये येते हे मला माहीत नव्हतं असं नाही. भिलाईत राहून ते कोणाला माहीत नसेल? पण माझी सगळी नोकरी ब्लास्ट फर्नेसवर गेली. तिथं पूजा होते, नारळ फुटतो, बायकापोरं नटूनथटून प्लांट बघायला येतात, आणि भट्टी मात्र चालूच असते. ती थंड पडली तर आतलं लोखंड गोठायचं. माझी बायको गेली त्या दिवशीही ती चालूच होती. त्यामुळे भट्टीलाही सुटी असते ही गोष्टच माझ्या डोक्यात कधी शिरली नव्हती.

पूजेच्या दिवशी चाकं आणायला गेलो, तर कारखान्यात मांडव, लाउडस्पीकर आणि भट्टीच्या बंद दाराला झेंडूची माळ. माझी चाकं जुना रंग खरवडून भिंतीशी मांडलेली, प्रत्येकाला कुंकवाचं बोट लावलेलं आणि वर एक एक फूल. कारखान्यातल्या सगळ्या लोखंडाची पूजा झाली, त्यात त्यांचीही झाली. मी भडकलो. आमच्याकडे पूजेलाही भट्टी विझत नाही, तुमचंच काय एवढं मोठं लागून गेलं, असं बरंच काही बोललो. मालकानं बुंदीचा द्रोण माझ्या हातात दिला.

"तुमची भट्टी विझली का मरते साहेब, म्हणून तिले सुटी नाही," तो म्हणाला. "आमची बटनावर विझते. तिले सुटी द्या लागते."

मांडवातल्या विश्वकर्म्याच्या मूर्तीचं विसर्जन होईपर्यंत हातोडीलाही कोणी हात लावणार नव्हतं. मग त्यानं मला पंगतीत बसवलं. कामगारांची सगळी कुटुंबं होती. माझ्या शेजारच्या बाईंनी मी कोण हे न विचारताच पोराबाळांबरोबर मलाही खिचडी वाढायला लावली, पुन्हा वाढायला लावली. माणसांमध्ये बसून जेवल्याला किती दिवस झाले होते ते तेव्हा जाणवलं.

विसर्जन होईस्तोवर दमट हवेनं उघड्या लोखंडावर गंज धरला. तो पुन्हा घासावा लागला. मुलीची गाडी यायची त्याच दिवशी सकाळी भट्टी पेटली आणि मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसलो. चाकं निघाली ती नव्या ताटांसारखी लखलखीत. दुपारी चाकं फियाटला बसवली, मागच्या सीटवर मी नातवासाठी धुतलेली चादर अंथरली आणि दुर्ग स्टेशनला पोचलो.

मुलगी डब्याच्या दारात उभी होती. तिच्या हातात सामान नव्हतं. मला तिथंच कळलं.

"बाबा, यांले परवाच जॉईन करा लागते," ती घाईघाईनं म्हणाली. "रिझर्वेशन सीधं पुण्याचंच आहे. तुम्ही फोनवर चाकांचं इतकं सांगून राहिले होते, का मले बोलताच नाही आलं."

तिचे डोळे भरले होते. जावई मागे उभे राहून स्वतःच्या चपलांकडे पाहत होते. मी मुळात तापट माणूस, आणि राग गळ्यापर्यंत आलाच होता. पण माझी पोर आपल्याच बापाला घाबरून उभी आहे हे मला बघवलं नाही.

"उतरू नको बेटा," मी म्हणालो. "गाडी विटांवरच उभी आहे. पूजेपायी भट्टी बंद, चाकं हथखोजलेच पडले आहेत. मी तेच सांगाले ऑटोनं आलो."

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं आतून झोपलेल्या नातवाला उचलून आणलं. गाडी हलेपर्यंत त्याचा पाय माझ्या मुठीत होता.

बाहेर फियाट उभी होती. मी आत बसून रडलो. मग सरळ घरी जाववेना म्हणून पद्मनाभपूरकडून उगाच फिरत, अंधार पडायच्या सुमाराला घरी पोचलो.

रविवारी पुण्याहून तिचा फोन आला. एरवी जेवलात का, गोळ्या घेता का, एवढं झालं की आम्हा दोघांनाही काही सुचायचं नाही. त्या दिवशी तिनं विचारलं, "बाबा, चाकं आले का?" मी आले म्हणणारच होतो. पण तोंडातून निघालं, नाही, अजून भट्टीच पेटवली नाही त्यानं. ती त्या मालकावर तणतणली, मग हसली, मीही हसलो. चाकांवर आम्ही कितीतरी वेळ बोललो. दिवाळीपर्यंत मी ती चाकं हथखोजलाच ठेवली. आली म्हणून सांगितलं असतं, तर पुढच्या रविवारी ती मला काय विचारणार होती?