हात पोटावर, नजर तोंडावर

आमच्या परभणीतले हे सर्जन रोज सकाळी विद्यार्थ्यांची वरात घेऊन वॉर्डात येतात. पेशंटला हात लावण्याआधी सगळ्यांना तळहात चोळून गरम करायला लावतात, स्वतःही चोळतात. त्या दिवशी नमुना होतो मी, पोटदुखीनं भरती झालेला. ऑपरेशन टळावं म्हणून 'दुखत नाही' म्हणायचं मी ठरवलेलं. एका विद्यार्थिनीनं पोट दाबलं.

"दुखतंय का, काका?"

"छे!" मी लग्नाच्या फोटोतल्यासारखा हसलो.

"सर, न्हाई म्हणायलेत."

"बेटा, हात पोटावर, नजर तोंडावर." सरांनी माझ्याकडं बघत हलकेच दाबलं. माझं हसू वाकडं झालं. "बघ. पोट लय दुखायलंय, अन् भीती त्याहून जास्त हाय."

दुसऱ्या दिवशी मी ऑपरेशनच्या टेबलावर होतो; भूल द्यायच्या आधी सगळे माझ्या पोटाकडं बघत होते. सर तेवढे तळहात चोळत माझ्या तोंडाकडं बघत उभे होते.